छातीवरच्या इसमाबद्दल

मंगळवार, ८ जानेवारी १९७४

उशीबद्दल लेखी तक्रार नोंदवणं भाग आहे. लग्नापासून माझ्या डोक्याखाली जी उशी होती ती चपटी, जराशी तेलकट आणि स्वभावाने विनम्र होती. गेल्या आठवड्यात गल्लीत पिंजारी आला आणि पद्मजाने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, माझा सल्ला न घेता तिचा कापूस पिंजून घेतला, वर किलोभर नवा भरला. आता ती उशी राहिलेली नाही, चबुतरा झाला आहे. तिच्यावर डोकं ठेवलं की आपण झोपलेलो नसून आपलं अनावरण व्हायचं बाकी आहे, असं वाटतं.

हे मी सभ्य शब्दांत पद्मजाच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "माणूस उशीला सरावतो. उशी माणसाला नाही सरावत."

प्रकरण एवढ्यावर थांबतं तर मी गप्प बसलो असतो. पण या चबुतऱ्यामुळे मला वाईट स्वप्न पडू लागलं आहे. रोज तेच. खासबागेत कुस्त्या चालल्या आहेत, मी बातमी घ्यायला गेलो आहे. (बारा वर्षं संस्कृत पाठशाळेत काढलेल्या माणसाकडे पुण्याच्या संपादकांनी कोल्हापूरच्या कुस्त्या सोपवल्या. याला ते योजकता म्हणतात.) मी निकाल टिपून घेत असतो आणि अचानक ध्यानात येतं की आपण प्रेक्षकांत नाही, खाली हौद्यात आहोत. अंगावर लंगोट. जानवं तेवढं ओळखीचं. पाठ लाल मातीला टेकलेली आणि छातीवर कुणीतरी बसलेलं. त्याचं तोंड दिसत नाही. हात हलत नाही, श्वास पुरत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही. मग पद्मजा मला हलवून जागं करते.

बातमीच्या दृष्टीने हे स्वप्न निरुपयोगी आहे. प्रतिपक्षाचं नावच कळत नाही.

उशीच दोषी आहे याला तारखेचा पुरावा आहे. ज्या दिवशी पिंजारी आला त्याच रात्री हे सुरू झालं. त्याच दिवशी आमच्या डॉक्टरांनी पद्मजाचं पोट दाबून पाहिलं आणि मिरजेला दाखवून या म्हणाले होते. पण पिंजारी सकाळी आला होता आणि डॉक्टर संध्याकाळी, म्हणजे उशी आधी.

शुक्रवार, ११ जानेवारी

मिरजेला जाऊन आलो. पोटात गाठ आहे. काढावी लागेल, काढून तपासल्याशिवाय कसली आहे ते सांगता यायचं नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रक्त कमी आहे म्हणून महिनाभर लोहाच्या गोळ्या, मग चौदा फेब्रुवारीला ऑपरेशन. पुरी भूल देऊन.

पद्मजाने विचारलं, "दूध-दही चालेल ना?" मी विचारलं, भूल किती वेळाची असते. डॉक्टर म्हणाले, काम होईपर्यंतची. उत्तर बरोबर होतं.

मिरज स्टेशनवर चहा घेतला. अति गोड. स्टेशनावरच्या चहात इतकी साखर घालण्याविरुद्ध कुणीतरी लिहायला हवं.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. काल रात्री उशी कपाटावर टाकून डोक्याखाली घडी घातलेलं धोतर घेतलं. स्वप्न पडलंच. उशी निर्दोष सुटली आहे. पद्मजाला तसं सांगितलं नाही, तीळ निवडता निवडता ती बसल्या जागी पेंगत होती. रक्त कमी असलं की असं होतं म्हणतात.

आता शास्त्राकडे वळलं पाहिजे. जुन्या वैद्यकात स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं, पुढे घडणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडलेलं. माझं कुठलं? कुस्ती मी पाहिली आहे, पण छातीवर कुणी बसलेलं नाही, म्हणून पहिले तीन बाद. मागितलेलं तर नाहीच. कल्पनाशक्ती माझ्यात नाही, याबद्दल संपादकांचं पत्र आहे. राहता राहिले दोन. त्यापैकी पुढे घडणाऱ्याचा प्रकार मी विचारात घेणार नाही, त्याला पुरावा नसतो. म्हणजे दोषामुळे पडलेलं. वात. रात्रीची वांगी बंद.

दुपारी पद्मजाने विचारलं, "तुम्हाला दिसतं तरी काय रोज?"

"दुःस्वप्न बोलून दाखवू नये," मी म्हटलं. "घरातल्या माणसाला तर नाहीच. बोललं की ते बळावतं."

"बरं, नका सांगू. झोपेत मात्र बडबडत असता."

"काय बडबडतो?"

तिने हलव्याची वाटी झाकली. "संस्कृत असावं. मला कुठलं कळतंय."

मला जरा बरं वाटलं. निदान झोपेत तरी अभ्यास चालू आहे.

गुरुवार, १७ जानेवारी

वांगी बंद केली, उपयोग नाही. वात निर्दोष.

आमच्याकडे भांडी घासायला झुंबरबाई येतात. डोळे तांबारलेले पाहून त्या परस्पर म्हणाल्या, "सपान पडत आसंल तर गाईच्या कानात सांगावं. गाय पोटात ठिवती. माणसागत बोलत सुटत न्हाई."

हा उपाय मला पटला. बोलल्याचं समाधान, आणि घरात बोलल्याचा दोष नाही. अडचण एकच, आमच्या भागात गाय नाही. संध्याकाळी कट्ट्यावर धार काढून द्यायला येतात त्या म्हशी. लोक पेला धरून उभे असतात, समोरच फेसाळ दूध मिळतं. मी पेला घेतला, दूध प्यालो आणि गवळी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तेवढ्यात म्हशीच्या कानाशी तोंड नेऊन मजकूर थोडक्यात सांगितला. म्हैस रवंथ करत होती. निम्म्यावर तिने कान झाडला.

परतताना आठवलं की यमाचं वाहन रेडा. म्हैस ही त्याची नात्यातली. चुकीच्या खात्यात अर्ज दिल्यासारखं झालं.

घरी पद्मजा म्हणाली, "सदऱ्याच्या खांद्यावर म्हशीची लाळ कशी?" मी म्हटलं, गर्दी होती.

मंगळवार, २२ जानेवारी

आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी, जीभ, छाती, सगळं पाहिलं. म्हणाले, "उताणे झोपू नका. कुशीवर झोपा. जेवण लवकर. असं पुष्कळांना होतं, जाग येते पण अंग जागं होत नाही, मग छातीवर भार वाटतो. त्याने कुणी मरत नाही." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "काही काळजी आहे का डोक्याला?"

"नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. हे तेच डॉक्टर, ज्यांनी मिरजेला चिठ्ठी दिली होती. मी त्यांना महापालिकेच्या पाण्याबद्दल थोडं सांगितलं आणि निघालो.

कुशीवर झोपायला हरकत नाही. पण मी झोपतो कुशीवर आणि स्वप्नात असतो उताणाच. स्वप्नातल्या माणसाला डॉक्टरांचा सल्ला पोचवायचा कसा, हे त्यांनी सांगितलं नाही.

रविवार, २७ जानेवारी

आमच्या घरासमोर तालीम आहे. तिचे वस्ताद गणपतराव यांच्याकडे मी दर रविवारी पुढच्या आठवड्यातल्या कुस्त्यांच्या जोड्या विचारायला जातो. वस्ताद साठीचे आहेत. मान आणि डोकं यांत फरक करणं कठीण. मला ते पंत म्हणतात आणि माझ्या बातम्या पोरांकडून वाचून घेऊन हसतात.

"पंत, डोळं का लाल?"

"झोप नीट होत नाही."

"का न्हाई?"

स्वप्न घरच्या माणसाला सांगायचं नाही एवढाच नियम. वस्ताद घरचे नव्हेत. तरीही सावधगिरी म्हणून मी म्हटलं, "माझ्या एका स्नेह्याला स्वप्न पडतं." आणि सगळं सांगितलं.

वस्तादांनी मांडी बदलली. थट्टा करतील असं वाटलं होतं, पण कुस्तीचा विषय निघाला की ते थट्टा करत नाहीत.

"स्नेह्याच्या छातीवर कोण बसतंय?"

"नाव माहीत नाही."

"जोड कुणी लावली?"

"कुणीच नाही."

"वजन?"

"बरंच असावं."

"मग ही कुस्तीच बेकायदा हाय. जोड वस्तादानं लावायची असती, वजन बघून. बरं, त्ये ऱ्हाऊं दे. खाली पडल्यावर तुमचा स्नेही करतो काय?"

"छाती उचलायला बघतो. ओरडायला बघतो."

"तितंच चुकतंय की त्याचं." वस्तादांनी माझ्या बरगडीवर दोन बोटं ठेवली. "वरचा हितं बसलाय. हितं जोर लावला की त्यो आनखी दाबतोय, त्याला त्येच पायजे. जे दाबलंय त्यानं झुंजायचं न्हाई, पंत. मोकळं काय हाय त्ये हुडकायचं. पायाचा अंगठा मोकळा असतोय. त्यो हलवायचा. मग पाऊल, मग गुडघा. मग कूस. एक डाव कूस फिरली की वरचा कितीबी जड असूं दे, घसरतोय."

"स्नेह्याला कळवतो."

"कळवून काय हुतंय? सवय पायजे. उद्या-परवा सकाळी आणा त्याला."

"तो लाजाळू आहे."

"मग तुमी या, आनि त्याला जाऊन शिकवा."

बुधवार, ३० जानेवारी

ज्या गोष्टी लिहून ठेवू नयेत त्यांच्यासाठीच दैनंदिनी असते, म्हणून लिहितो. आज सकाळी मी तालमीत धोतर खोचून, बंडी घालून लाल मातीत उताणा झोपलो. चष्मा वस्तादांकडे होता. मातीला ताक आणि हळदीचा वास येत होता. जोर मारणारी मंडळी जोर मारायची थांबली.

छातीवर बसण्यासाठी वस्तादांनी गुंडूला बोलावलं. गुंडू गडहिंग्लजकडचा, अडीच मणांचा, दोन लेकरांचा बाप. त्याने आधी माझ्या पायाला हात लावला आणि मग माझ्या छातीवर बसला. हा क्रम मला आवडला.

"काका, दुकलं तर सांगा," गुंडू म्हणाला.

"सांगू नगा," वस्ताद म्हणाले. "सपनात सांगता येतंय व्हय? गुंडू, टाक भार हळूहळू."

स्नेही हा शब्द वस्तादांनी केव्हा सोडून दिला ते ध्यानात आलं नाही.

भार पडला. मी सवयीप्रमाणे छाती उचलू लागलो. "अंगठा!" वस्ताद. मी अंगठा हलवला. मग पाऊल. मग गुडघा वर आला, मी कूस वळवली आणि गुंडू बाजूला कलंडला. त्याने आपण होऊन कलंडायचं ठरवलं होतं हे उघड होतं, पण त्याने ते इतक्या सौजन्याने केलं की टाळ्या पडल्या. पुन्हा तेच. अनेकदा तेच. शेवटी मी त्याला बऱ्यापैकी हलवला, असं वस्तादांचं मत पडलं.

एक निरीक्षण नोंदवतो. खरा माणूस छातीवर बसला की भीती वाटत नाही. वजन वाटतं, घामाचा वास येतो, मिशीतली माती दिसते. त्याला तोंड असतं, नाव असतं, गाव असतं. स्वप्नातल्या इसमाला यातलं काही नाही. त्याचं सारं बळ तेवढंच असावं.

गुंडू उठला. मी मातीतच पडून होतो, वस्ताद चष्मा देत म्हणाले, "वैनींचं मिरजेचं कवा हाय?"

"चौदाला," मी म्हटलं.

गुंडू उठून कोपऱ्यात पाणी पीत होता, तरी छातीवरचा भार तसाच होता. श्वास पुरेना. वस्तादांनी मला बसतं केलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटतं, थंडीच्या दिवसांत मातीत ओल असते आणि ती छातीत भरते. इतर कारण दिसत नाही.

घरी आल्यावर पद्मजाला डाव समजावून सांगितला, अर्थात स्नेह्याच्या संदर्भात. तिने लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे पायाचा अंगठा हलला की माणूस सुटतो?" तिने दोनदा विचारलं. मग माझ्या कानामागची माती पदराने पुसली.

रविवार, ३ फेब्रुवारी

यश. काल रात्री इसम येऊन बसला. मी छातीने झुंजलो नाही. अंगठ्याकडे ध्यान दिलं आणि अंगठा हलला. खरं सांगायचं तर आपला आपण हलल्यासारखा, कुणीतरी धरून ओढावा तसा जोरात हलला. लगेच कूस वळली, जाग आली. पद्मजा पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. म्हणाली, पांघरूण सरळ करत होते.

वस्तादांना कळवलं. म्हणाले, "सपनात पठ्ठा तयार झाला म्हनायचा." हे यश बातमीत घेता येत नाही याचं वाईट वाटतं.

बुधवार, ६ फेब्रुवारी

रोज तसंच. इसम येतो, अंगठा हलतो, सुटका होते. प्रगती समाधानकारक.

पद्मजाची मात्र झोप वाढली आहे. आज भाजी चिरताना विळीवरच पेंगली. मी रागावलो. म्हटलं, "रात्री आठ तास झोपून दिवसा अशी कशी गं पेंगतेस? गोळ्या वेळेवर घे." ती म्हणाली, "घेते हो." आणि उगीचच हसली.

शनिवार, ९ फेब्रुवारी

पद्मजा मिरजेला गेली. पाच दिवस आधी भरती व्हायला सांगितलं होतं. तिची धाकटी बहीण लीला मिरजेलाच असते, ती न्यायला आली. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना राहू देत नाहीत. मी बुधवारी जायचं ठरलं.

जाताना पद्मजाने सूचना दिल्या. लोणच्याची बरणी उघडी टाकू नका. झुंबरबाईंना चहा देत चला. दुधाचं पातेलं मांजराला पोचेल असं ठेवू नका. ती आपल्या ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलली नाही, मीही बोललो नाही. टांग्यात बसल्यावर म्हणाली, "अहो, रात्री एकटे झोपू नका."

"मी लहान आहे का?"

"नाही. म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. टांगा सुटला. लीला वळून बघत होती, पद्मजा बघत नव्हती.

स्टेशनवर पोचवायला मी गेलो नाही, कारण साखर कारखान्याची बातमी द्यायची होती. ती उद्या दिली असती तरी चाललं असतं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

परवापासून गुंडू आमच्या बाहेरच्या सोप्यात झोपायला येतो आहे. मी बोलावलं नव्हतं. विचारलं तर म्हणतो, "वस्तादांनी धाडलंय." वस्तादांना विचारलं तर म्हणतात, "वैनींनी सांगितलंय." पद्मजा तालमीत कधी गेली? गल्लीतल्या बायका तालमीच्या दारापर्यंतसुद्धा जात नाहीत. वस्ताद म्हणाले, "झुंबरबाईकडनं निरोप आलता. मग म्याच आलतो गुंडूला घिऊन, तुमी बाजारात गेलतासा तवा."

गुंडू घोरतो. अडीच मणांचा माणूस घोरणार, तक्रार नाही. दोन्ही रात्री मी व्यवस्थित झोपलो. इसम येऊन गेला असावा, पण अंगठा आपोआप हलला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सकाळी चहा करून गुंडूला दिला. बशीत फुंकर घालता घालता तो म्हणाला, "काका, तुमी लई वरडता की."

"संस्कृतात," मी म्हटलं.

"न्हाई हो. मराठीतच."

मी कप खाली ठेवला. "काय ओरडतो?"

गुंडूने दाराकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की मला ठाऊकच आहे. "ती उठंना झालीय, म्हंतासा. 'ती उठत नाही, तिला उठवा कुणीतरी.' आनि वैनींचं नाव. पद्मजा ऊठ, पद्मजा ऊठ. लई येळ. पयल्या दिशी म्या घाबारलो. पर वैनींनी सांगून ठिवल्यालं, त्ये असं वरडत्यात, घाबरू नगंस, पायाचा अंगठा धरून हलीव, म्हंजे कूस बदलत्यात आनि गप हुत्यात. तसं केलं."

"अंगठा तू हलवलास?"

"व्हय. ह्या तीन दिसांत मीच. त्याआदी वैनी हलवत हुत्या म्हणं रोज. त्या म्हनल्या, महिना झाला मी झोपत न्हाई, आता तू जागं ऱ्हा."

गुंडू चहा संपवून मेहनतीला गेला.

मी आज बातमी पाठवली नाही. उसाची होती.

मला कुस्ती आठवते, लंगोट, माती, छातीवरचा इसम, सगळं आठवतं. ओरडलेलं आठवत नाही. तिचं नाव घेतलेलं आठवत नाही. ज्याची पाठ टेकली आहे तो मी आहे असंच मला इतके दिवस वाटत होतं.

बुधवार, १३ फेब्रुवारी. मिरज, लीलाच्या घरी

दुपारच्या गाडीने आलो. भेटीच्या वेळेत पद्मजाकडे बसलो. कॉटवर ती पाय पोटाशी घेऊन बसली होती, दवाखान्याचा झगा घालून, त्यात ती शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. शेजारच्या कॉटवरची बाई आमचं बोलणं मोकळेपणाने ऐकत होती.

"बरणी झाकली होती ना?" पद्मजाने विचारलं.

"झाकली होती. तू मला संस्कृत म्हणालीस."

"गुंडूने सांगितलं? त्याला म्हटलं होतं बोलू नकोस."

"तो म्हशीसारखा नाही. बोलतो."

"म्हशीचं काय?"

"काही नाही. का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? की तुम्ही रोज रात्री मला मारून टाकता आणि मग रडता?" ती हळूच म्हणाली, पण शेजारच्या बाईने उशीवरून मान उचलली. "सांगितलं असतं तर तुम्ही झोपायचंच सोडून दिलं असतंत. मग दिवसभर तुमचं तोंड बघत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा अंगठा ओढणं सोपं."

"म्हणून तू दुपारी पेंगत होतीस."

"तुम्ही रागावलात तेवढ्यावर भागलं."

तिने माझा हात धरला नाही, चारचौघांत ती धरत नाही. पण कॉटच्या कडेला माझा हात होता तिथे आपला हात आणून ठेवला. मी विचारलं, "तुला भीती वाटते?"

"मला झोप येतेय हो," ती म्हणाली. "महिन्याभराची. उद्या त्यांनी भूल दिली की मस्त झोपणार आहे. त्यांना सांगून ठेवा, मला लवकर उठवू नका म्हणावं."

शेजारची बाई हसली. पद्मजाही हसली. विनोद चांगला होता, त्याच्यात काही दोष काढता येणार नाही. मला हसता आलं नाही. घंटा झाली, आयाने बाहेर काढलं.

आत्ता लीलाच्या घरी जेवण झालं. तिने माझं अंथरूण घातलं आहे, तिच्या यजमानांना उठून अंगठा ओढायला सांगू का, असंही तिने विचारलं. म्हणजे इथेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी नको म्हटलं. आज मी झोपणार नाही.

इतके दिवस मी जे लिहिलं ते सगळं आज वाचलं. त्यात एकदाही सरळ लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. उद्या सकाळी पद्मजाला भूल देतील आणि ती उठणार नाही, याची मला भीती वाटते.